कर्जाचा मेसेज आला की आधी वही काढा

थंडी पडली की आमच्या यावल-रावेर पट्ट्यात शेताशेतात भरीत पार्ट्या सुरू होतात, कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ, त्यात भरताची वांगी, बाजूला कळण्याच्या पुऱ्या. मागच्या हिवाळ्यात वांगी सोलायच्या आधीच भांडण पेटलं. आमच्या एका नानांच्या फोनवर मेसेज आला होता, यांनी ५५ लाख कोटींचं कर्ज १५५ लाख कोटी केलं, देश विकायला काढला. नानांनी तो मोठ्याने वाचला आणि आप्पा उसळलेच, म्हणे तुमच्यावाल्यांनी तेलाचे बाँड काढून ठेवले ते कोण फेडतंय मग? झालं, दोघंही तोंड लाल करून बसले, वांगी जळायला लागली तरी कोणाचं लक्ष नाही. तेवढ्यात तिकडे मिरच्या-लसूण ठेचत बसलेलं पोरगं खाली मान घालूनच बोललं, "मंग हाई कर्ज भरी कोन?"

दोघंही गप्प.

मी गावच्या विकास सोसायटीत सचिव होतो, वीसएक वर्षं लोकांचं पीककर्ज, थकबाकी, सातबाऱ्यावरचा बोजा हेच बघत आलोय, त्यामुळे कर्जाचा आकडा ऐकून मला घामबीम फुटत नाही. सोसायटीत कोणी येऊन सांगितलं की अमक्यावर चार लाख कर्ज आहे, तर आपण काय विचारतो? जमीन किती, बागायत की कोरडवाहू, केळी आहे का, हप्ता वेळेवर जातो का, आणि कर्ज काढलं कशाला. देशाच्या कर्जाला मात्र हे प्रश्न कोणीच विचारत नाही, डायरेक्ट शिव्या. म्हणून मी आता असा मेसेज आला की काय करतो ते सांगतो, एक वही, एक पेन आणि मोबाईल लागतो, वेळ अर्धा तास धरा.

पहिलं काम, ढीग कोणता ते बघा. मेसेजमध्ये नुसतं देशावर कर्ज असं लिहिलेलं असतं आणि त्यात चार वेगवेगळे ढीग एकात कालवलेले असतात. एक केंद्र सरकारचं कर्ज. दुसरं राज्यांचं, जसं आपल्या महाराष्ट्राचं २०२५-२६ च्या बजेटमध्ये ९.३२ लाख कोटींवर जाईल असं दाखवलं होतं. तिसरं दोन्ही मिळून, कोविडच्या वर्षात ते जीडीपीच्या, म्हणजे देशाच्या वर्षभराच्या एकूण उत्पन्नाच्या, ८८ टक्क्यांच्या आसपास गेलं होतं आणि २०२२-२३ ला ८१ वर आलं. आणि चौथा ढीग म्हणजे देशाचं परकीय कर्ज, मार्च २०२५ अखेर साधारण ७३६ अब्ज डॉलर. यावर लोक सगळ्यात जास्त फसतात, कारण त्यात खाजगी कंपन्यांनी बाहेरून उचललेलं असतं, एनआरआय लोकांच्या ठेवी असतात, सरकारचा वाटा पाचव्या हिश्श्याच्या जरा वर. मग कोणीतरी डॉलरचे रुपये करतो, केंद्राच्या आकड्यात मिळवतो आणि पाठवून देतो. ढीग कळला नाही तर पुढे जाऊच नका, समोरच्याला एवढंच विचारा, भो, हे केंद्राचं का राज्याचं? निम्मे मेसेज तिथेच मरतात.

वर्ल्ड बँकेने देश गहाण घेतला हा प्रकार पण यातलाच. केंद्र सरकारच्या कर्जात बाहेरचं कर्ज शंभरात पाचेक रुपये असतं, बाकी सगळं इथलंच. बँका, एलआयसी, पीएफ, रिझर्व्ह बँक हे सरकारचे रोखे, म्हणजे कर्जाचे कागद, घेतात. म्हणजे तुमची एलआयसीची पॉलिसी असेल तर तुम्हीच थोडेसे सावकार आहात, ऐकायला मजेशीर वाटतं पण आहे तसं. श्रीलंका होणार श्रीलंका होणार म्हणून जे चालतं त्यांना हे सांगा, एप्रिल २०२२ ला श्रीलंका अडकली ती परदेशी कर्ज फेडायला डॉलर नव्हते म्हणून. रुपयातलं कर्ज हे वेगळं दुखणं आहे, दुखणं आहे पण वेगळं.

दुसरं, तूट आणि कर्ज यात गल्लत करू नका. तूट म्हणजे यंदा खर्चाला जेवढे कमी पडले ते, कर्ज म्हणजे आजवरचं सगळं साठलेलं. तूट कमी झाली हे सांगणारा नेता खोटं बोलत नसतो आणि कर्ज वाढलं हे सांगणारा पण खोटं बोलत नसतो, दोन्ही एकाच वेळी खरं असतं. हप्ते थकलेले असताना यंदा आपण जरा कमी उचललं तरी खात्यावरची बाकी वाढलेलीच दिसते ना, तसंच.

आता मोबाईल काढा. इंडियाबजेट डॉट गव्ह डॉट इन ही सरकारचीच साईट आहे, त्यात बजेट अ‍ॅट अ ग्लान्स नावाची पीडीएफ मिळते. घाबरायचं नाही, सुरुवातीलाच एका पानाचा तक्ता आहे, ओळींना नंबर आहेत, आणि आकडे कोटी रुपयांत आहेत हे डोक्यात पक्कं ठेवा नाहीतर शून्यांचा गोंधळ होतो. मी उदाहरणाला २०२५-२६ चं बजेट घेतो, तुम्ही ताजं घ्या, तक्त्याची ठेवण साधारण तीच असते.

ओळ १ ही महसुली जमा, म्हणजे सरकारची खरी कमाई, ३४.२० लाख कोटी. ओळ ७ उसनवारी. ओळ ९ एकूण खर्च, ५०.६५ लाख कोटी. ओळ ११ व्याज, १२.७६ लाख कोटी. ओळ १५ महसुली तूट, म्हणजे रोजच्या खर्चाला कमी पडलेले, ५.२४ लाख कोटी. ओळ १७ राजकोषीय तूट, म्हणजे एकूण तूट, १५.६९ लाख कोटी, जीडीपीच्या ४.४ टक्के. एवढ्या सहा ओळी वहीत उतरवा, बाकीच्या सोडून द्या.

आणि एक भानगड सांगतो, या तक्त्यात चार रकाने असतात. पहिला रकाना दोन वर्षांपूर्वीचा, पण तोच एकटा प्रत्यक्ष झालेला हिशोब. बाकीचे सगळे अंदाज. टीव्हीवर भांडणारे शेवटचा रकाना वापरतात कारण तो सगळ्यात ताजा वाटतो, पण तो म्हणजे केळीची कांदेबाग लावायच्या आधीच किती गाड्या माल निघेल ते सांगणं आहे.

आता नाना-आप्पांचा मुद्दा घेऊ, ५५ चे १५५.

आकडा खरा आहे. मार्च २०१४ ला केंद्राचं कर्ज ५५.८७ लाख कोटी होतं आणि मार्च २०२३ ला १५५.६ लाख कोटी, हा खुद्द सरकारनेच दिलेला हिशोब आहे. नाना खुश. पण तसाच मागे गेलात तर मार्च २००४ ला ते साधारण १७.३७ लाख कोटी होतं, म्हणजे २००४ ते २०१४ या दहा वर्षांत पण तिप्पट झालं. आता आप्पा खुश. नुसत्या रुपयाच्या आकड्यावर भांडायचं तर दोघांची बरोबरी आहे, घरी जा.

म्हणून भागाकार करायचा. कर्ज भागिले जीडीपी, म्हणजे जमीन किती त्यावर बोजा किती. २००४ ला हे ६० च्या आसपास होतं, २०१४ ला ५० च्या आसपास, कोविडच्या वर्षात ६१ वर गेलं, २०२३ ला ५७.१, आणि २०२५-२६ साठी सरकारने ५६.१ धरलं होतं. आता नाना पुन्हा उठतील की बघा आमच्या काळात कमी झालं. झालं खरं, पण का झालं ते पण बघा, त्या काळात वाढ चांगली होती आणि महागाई पण तगडी होती, आणि महागाईत जुनं कर्ज पातळ होतं. माझ्या वडिलांनी विहिरीला काढलेलं कर्ज त्या वेळी डोंगर वाटायचं, आज तेवढ्यात विहिरीवरची मोटर पण धड येत नाही. आणि आप्पा म्हणतील आमचं वाढलं ते कोविडमुळे. बरंचसं खरं आहे, २०२०-२१ ला तूट जीडीपीच्या ९.२ टक्क्यांवर गेली होती, कर येत नव्हते आणि रेशन द्यायचं होतं. पण कोविड संपून इतकी वर्षं झाली तरी गाडी जुन्या ५० वर आलेली नाही, सरकारचं स्वतःचंच टार्गेट मार्च २०३१ पर्यंत ५० च्या आसपास आणायचं असं आहे. आणि त्याआधी २०१८ ला एफआरबीएम कायद्यात, म्हणजे सरकारच्या तुटीला आणि कर्जाला लगाम घालणाऱ्या कायद्यात, दुरुस्ती करून २०२४-२५ पर्यंत केंद्राचं कर्ज ४० टक्क्यांवर आणू असं लिहिलं होतं. ते ४० कुठे गेलं हे विचारायला कोणी तयार नाही, कारण मूळ २००३ च्या कायद्याची टार्गेटं मागच्यांनी पण पाळली नव्हती, विचारणार कोणत्या तोंडाने.

माझ्या मते मात्र हा भागाकार पण अर्धवटच आहे. जीडीपी हे काय सरकारचं उत्पन्न नाही, ते तुमचं-माझं-सगळ्यांचं मिळून आहे. सोसायटीत आम्ही गावाचं उत्पन्न बघून एकाला कर्ज देत नव्हतो. म्हणून तिसरा हिशोब, आणि माझा आवडता, ओळ ११ भागिले ओळ १. शंभर रुपये कमावले तर व्याजात किती गेले.

२०२५-२६ चं करा, १२.७६ भागिले ३४.२०, सदतीस. शंभरातले सदतीस रुपये नुसत्या व्याजात, मुद्दल तर अजून बाजूलाच.

आता त्याच साईटवर जुनी बजेटं पडलेली आहेत, २०१३-१४ चा प्रत्यक्ष हिशोब काढा. व्याज ३.७४ लाख कोटी, महसूल १०.१५ लाख कोटी. करा भागाकार. सदतीस!

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा मला वाटलं माझंच चुकलं, परत केलं, परत तेच. मधे कोविडच्या वर्षात ते ४१-४२ पर्यंत गेलं, आणि खाली येऊन पुन्हा तिथेच. २००३-०४ ला तर ४७ होतं. भरीत पार्टीनंतर दोनेक दिवसांनी मी वही घेऊन नानांच्या ओट्यावर गेलो, आप्पांना पण बोलावून घेतलं, आणि दोघांना कॅल्क्युलेटर देऊन सांगितलं की तुम्हीच करा, मी बोट लावत नाही. नानांनी तीन वेळा केलं. मग म्हणाले तुझा मोबाईल खराब आहे.

इथे एक सापळा आहे तो सांगून ठेवतो. बजेटच्या दिवशी पेपरात ते गोल चित्र येतं, रुपया कसा येतो रुपया कसा जातो, त्यात २०२५-२६ ला व्याजाचे २० पैसे दाखवले होते. मग कोणी म्हणेल सदतीस कुठून आणले. त्या गोलातला रुपया कमाईचा नसतो भो, त्यात उसने घेतलेले २४ पैसे पण असतात आणि राज्यांना द्यायचा करातला वाटा पण धरलेला असतो, त्यामुळे व्याजाचा तुकडा बारीक दिसतो. चूक नाही त्यात, पण ज्याला व्याज कमी दाखवायचं तो २० सांगतो आणि ज्याला घाबरवायचं तो ३७ सांगतो, आणि दोघं एकाच बजेटमधून सांगतात.

आता नवं-जुनं. खान्देशात शेतकऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. ३१ मार्च आला की सोसायटीच्या दारात रांग, वेळेत भरलं तर तीन लाखांपर्यंत व्याज माफ म्हणून लोक कुठून तरी दोन-चार दिवसांसाठी हातउसने घेतात, दोन टक्क्याने घेतात, बायकोची पोत ठेवून घेतात, जुनं भरतात, नवं उचलतात आणि त्यातून हातउसने परत देतात. कागदावर खातं निल, माणूस तिथल्या तिथे. मी स्वतः असल्या शेकडो व्हाऊचरवर सह्या केल्यात, एकदा तर एका माणसाचं नवं कर्ज मंजूर व्हायला वरच्या बँकेत कागद अडकला आणि बिचारा पंधरा दिवस त्या दोन टक्क्यात भाजून निघाला, मी काही करू शकलो नाही.

सरकार हेच करतं, फरक एवढाच की त्याला पोत ठेवावी लागत नाही. २०२५-२६ ला बाजारातून एकूण उचल १४.८२ लाख कोटी धरली होती आणि निव्वळ ११.५४ लाख कोटी, मधला सव्वातीन लाख कोटींचा फरक म्हणजे जुने रोखे फेडायला नवे काढले, चोख नवं-जुनं. म्हणून मेसेजमध्ये सरकार यंदा इतकं कर्ज काढणार असं आलं की एकूण का निव्वळ ते बघा. आणि ओळ १७ मधून ओळ ११ वजा करून बघा, १५.६९ वजा १२.७६, उरतात तीन लाख कोटींच्या आत. म्हणजे व्याजाचं ओझं नसतं तर त्या वर्षीची तूट पाचव्या हिश्श्यापेक्षाही कमी असती. यंदा बसलेल्या सरकारला शिव्या देताना हे लक्षात ठेवा की बहुतेक तूट मागच्या सगळ्यांच्या कर्जाच्या व्याजाएवढी आहे, आणि मागच्या सगळ्यांत हे पण आले आणि ते पण.

मग प्रश्न राहतो कशासाठी काढलं. ड्रिपला काढलेलं कर्ज आणि लग्नात बँड लावायला काढलेलं कर्ज सातबाऱ्यावर सारखंच दिसतं पण सारखं नसतं. याला ओळ १५ बघायची. महसुली तूट ५.२४ लाख कोटी, एकूण तूट १५.६९, म्हणजे उसन्यातला तिसरा हिस्सा रोजच्या खर्चात गेला, बाकी रस्ते, रेल्वे, राज्यांना कर्जं असल्या कामात. आता बाकी सगळं सोन्यासारखं वापरलं जातं असं मी म्हणणार नाही, जळगावजवळ तरसोद-फागणे रस्त्याची धूळ ज्याने वर्षानुवर्षं खाल्ली तो तसं म्हणणारच नाही. पण निदान त्याचा रस्ता तरी दिसतो.

राज्याचं पण असंच तपासा. २०२५-२६ च्या महाराष्ट्राच्या बजेटमध्ये महसुली तूट ४५,८९१ कोटी दाखवली आणि लाडक्या बहिणीसाठी ३६,००० कोटी ठेवले होते. हे दोन आकडे शेजारी ठेवले की लोक लगेच म्हणतात बहिणींनी राज्य बुडवलं. मला ते पटत नाही, कारण तुटीत पगार, पेन्शन, व्याज, वीजबिलाची माफी सगळंच असतं, एकाच खर्चाच्या कपाळावर शिक्का मारायचा हा ज्याच्या-त्याच्या सोयीचा खेळ आहे. पण दर महिन्याचे पैसे उसनवारीतून वाटणं टिकत नाही हे पण तितकंच खरं, आणि निवडणुकीत दीड हजाराला एकवीसशे म्हणणाऱ्यांनी ते कुठल्या ओळीतून येणार हे सांगितलं नव्हतं. विरोधकांनी तर तीन हजार सांगितले होते, त्यांनी पण नाही सांगितलं.

आता आप्पांचे तेलाचे बाँड, कारण हे दर निवडणुकीला वर येतं. झालं असं की साधारण २००५ ते २०१० च्या काळात पेट्रोल-डिझेल-गॅस स्वस्त ठेवायला तेल कंपन्यांना रोख पैसे द्यायच्या ऐवजी सरकारने बाँड दिले, म्हणजे किराणा दुकानदाराला पैशाऐवजी चिठ्ठी दिली की पोरगा कमावता झाला की देऊ. फायदा असा की त्या वर्षीच्या तुटीत ते दिसत नाही. पुढे ऑगस्ट २०२१ ला अर्थमंत्री निर्मला सीतारामन म्हणाल्या की १.४४ लाख कोटींचे हे बाँड होते आणि त्यांच्या ओझ्यामुळे पेट्रोलवरचा कर कमी करता येत नाही. आता वही काढा. त्या बाँडचं व्याज वर्षाला दहा हजार कोटींच्या आसपास. आणि २०२०-२१ ला पेट्रोल-डिझेलवरच्या एक्साइजमधून केंद्राला आले ३.७ लाख कोटींच्या आसपास. म्हणजे आधीच्यांनी चिठ्ठी लिहिली हे खरं, पण तेवढ्यासाठी पंपावर भाव कमी होत नव्हता हे काही वहीत बसत नाही.

आणि चिठ्ठी फक्त आधीच्यांनीच लिहिली असं नाही, तेवढंच सांगितलं तर अर्धंच होतं. ऑक्टोबर २०१७ ला सरकारी बँकांना वाचवायला १.३५ लाख कोटींचे रिकॅपिटलायझेशन बाँड, म्हणजे बँकांना भांडवल द्यायचे बाँड, जाहीर झाले, तीच चिठ्ठीची पद्धत. मग आप्पा म्हणतात की बुडीत कर्जं आधीच्यांनी वाटली होती, नाना म्हणतात की माफ तुम्ही केली. चिठ्ठी दोघांनी लिहिली. त्यात महामार्ग प्राधिकरणाचं कर्ज, जे मार्च २०२३ ला तीन लाख कोटींच्या वर होतं, ते केंद्राच्या कर्जात धरतच नाहीत, अन्न महामंडळाचं तर अनेक वर्षं बाहेर ठेवलेलं होतं, २०२१ च्या बजेटमध्ये ते आत आणलं. ते आत आणलं याचं मात्र कौतुक करतो मी, लपवलेलं उघडं केलं की आकडा फुगतो आणि शिव्या उघडं करणाऱ्याला बसतात.

माणशी सव्वा-दीड लाख कर्ज हा मेसेज आला तर त्यावर फार वेळ घालवू नका. एकूण आकड्याला १४० कोटींनी भागलेलं असतं, बाकी काही नाही. तुमच्या दारात वसुलीला कोणी येणार नाही. आलं तर मला सांगा, सोसायटीची वसुली मी करायचो, लोक मागच्या दाराने कसे जातात ते मला माहितीये.

हे सगळं करून ग्रुपवर काय लिहायचं? लांबलचक लिहू नका, कोणी वाचत नाही. मी तीन ओळी टाकतो. कोणाचं कर्ज, केंद्र का राज्य. जीडीपीशी प्रमाण तेव्हा किती आता किती. शंभर कमाईत व्याज तेव्हा किती आता किती. त्याच्या खाली ओळीचा नंबर आणि कोणत्या वर्षाचं बजेट ते. शिवी नाही, इमोजी नाही, पक्षाचं नाव तर अजिबात नाही. आणि समोरच्याच्या पक्षाचा आकडा तपासलात तर त्याच मेसेजमध्ये स्वतःवाल्याचा पण टाकायचा, नाहीतर लोक तुम्हाला लगेच एका रंगात रंगवतात. मला आधी नानांनी भक्त म्हटलं, मग आप्पांनी चमचा म्हटलं, त्या दिवशी मला कळलं की हिशोब बरोबर जमलाय.

आता बजेटचं भाषण १ फेब्रुवारीला ११ वाजता सुरू होतं, पीडीएफ भाषण संपल्यावर साईटवर पडतात, त्याआधी फोन घासत बसू नका. आमच्याकडे नाना आणि आप्पा दोघंही ओट्यावर येणार आहेत. नानांनी स्वतःचा कॅल्क्युलेटर आणतो म्हणून सांगितलंय, मुलाच्या दुकानातला, मोठ्या बटनांचा. आधी ओळ १, मग ओळ ११.